मंजिष्ठेचा पक्का लाल: सुती कापडावर तो धरतो कसा आणि फसतो कुठे

मंजिष्ठेची पूड पाण्यात उकळली की पाणी विटकरी होतं. त्यात नुसतंच सुती कापड बुडवलं तर ते मळकट गुलाबी होऊन बाहेर येतं आणि दोन धुण्यांत तेही उरत नाही. मग 'घरगुती रंग कच्चाच असतो' असं म्हणून पातेलं मोरीत ओतलं जातं. दोष मंजिष्ठेचा नसतो. पक्का लाल मंजिष्ठेच्या मुळीत तयार बसलेलाच नसतो. मुळातला रंगद्रव्याचा रेणू, तुरटीतलं अॅल्युमिनियम आणि खडूतलं कॅल्शियम धाग्याच्या आत एकमेकांना भेटले की तो तिथेच घडतो. खालची प्रत्येक पायरी या भेटीसाठी आहे, आणि बिघडतं तेव्हा या तिघांपैकी एक जण आलेला नसतो किंवा चौथाच कुणी, बहुधा लोखंड, मध्ये घुसलेला असतो.

रंगद्रव्य म्हणजे नेमकं काय

मंजिष्ठेची रंगद्रव्यं अँथ्राक्विनोन कुळातली. अँथ्राक्विनोन म्हणजे एका रांगेत जोडलेल्या तीन कड्या. मधल्या कडीवर समोरासमोर दोन ऑक्सिजन, कार्बनशी दुहेरी बंधाने जोडलेले. हा नुसता सांगाडा फिकट पिवळा असतो. बाजूच्या कड्यांवर हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच गट बसले की रंग गडद होत जातो, आणि ते कुठल्या जागी बसले यावर छटा ठरते. पहिल्या आणि दुसऱ्या जागी बसले की अॅलिझरिन. त्यात चौथ्या जागी आणखी एक आला की परप्युरिन. पहिल्या जागेवरचा गट मधल्या कडीच्या ऑक्सिजनला अगदी खेटून असतो. असे शेजारी-शेजारी आलेले दोन ऑक्सिजन म्हणजे तयार चिमटाच. अॅल्युमिनियम त्या चिमट्यात सापडलं की सुटत नाही आणि नारिंगी रेणू लाल होतो. धातू आणि रंगद्रव्य यांच्या या न विरघळणाऱ्या जोडीला रंगकामात लेक म्हणतात. कॅल्शियमही या जोडीत सामील होतं. ते नसेल तर लाल निस्तेज राहतो.

मॅडर म्हणजे मंजिष्ठेची युरोपातली बहीण. तिच्या मुळात अॅलिझरिनचा भरणा असतो. आपल्या मंजिष्ठेत परप्युरिन आणि मंजिस्टिन जास्त, अॅलिझरिन थोडं. मंजिस्टिन हे नाव आपल्या मंजिष्ठेवरूनच पडलं. म्हणून आपला लाल जरा ऊबदार, विटकरीकडे झुकणारा येतो. तो चूक नव्हे, त्या मुळाचा स्वभाव आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चाय मुळात अॅलिझरिन असतं पण परप्युरिन नसतं, म्हणून तिकडचा लाल वेगळा दिसतो. बारतोंडीच्या, म्हणजे आलाच्या मुळाच्या सालीत मोरिंडोन असतं. ओडिशातल्या कोटपाडचे विणकर आजही सूत त्यानेच रंगवतात.

याच कुळातले पहिल्या आणि आठव्या जागी ओएच असलेले रेणू आपल्याकडे रंगापेक्षा जुलाबासाठी जास्त ओळखीचे. सोनामुखी आणि कोरफडीचा पिवळा चीक यांचा गुण त्यांच्यातूनच येतो, आणि टाकळ्याच्या बियांतही ते असतात. तुरटीवर त्यांचा पिवळा-नारिंगी येतो, लाल नाही. पावसाळ्यात टाकळा मुबलक असला तरी त्याच्याकडून मंजिष्ठेचं काम होणार नाही.

आधी पाच पेल्यांची परीक्षा

पूड आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. शक्यतो अख्ख्या काड्या घ्या आणि घरी कुटा. काडी मोडल्यावर आतून नारिंगी-तांबूस दिसली पाहिजे. बाहेरची साल तपकिरीच असते, तिच्यावरून काही ठरवू नका. तयार पुडीत गेरू मिसळलेला असला तर कळायला सोपं: गेरू तळाला जड बसतो आणि वरचं गरम पाणी जवळजवळ बिनरंगी राहतं.

एक चमचा पूड पाव लिटर गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, फडक्यातून गाळा आणि पाच काचेच्या पेल्यांत वाटून घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा: पिवळसर-नारिंगी होईल. तिसऱ्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाका: लगेच वाईनसारखा जांभळट लाल. हळदीला चुना लागला की जे होतं तसलाच हा प्रकार. ओएच गटातला हायड्रोजन सुटतो आणि रेणू वेगळा प्रकाश शोषू लागतो. या पेल्यात नुसता तपकिरी आला तर पूड जुनी किंवा भेसळीची आहे, कापड वाया घालवू नका.

चौथ्यात तुरटीचा वाटाण्याएवढा खडा विरघळवा. फारसं काही होणार नाही, उलट रंग थोडा फिकाच पडेल, कारण तुरटी आम्लधर्मी असते. आता त्यातच चिमूट-चिमूट खडूची पूड टाका. बारीक फेस येईल, पाणी गढूळ होईल आणि अर्ध्या तासात तळाला लाल गाळ बसेल, वरचं पाणी निवळेल. हा गाळ म्हणजेच लेक. गाळून, धुऊन, वाळवून खलला तर चित्रकारांचं रंगद्रव्य होतं. आपल्याला हेच पेल्याऐवजी धाग्यात घडवायचं आहे. पाचव्यात हिराकसाचा, म्हणजे लोखंडाच्या सल्फेटचा, एक कण आणि थोडी खडूपूड टाका: जांभळट तपकिरी. एवढ्याशा लोखंडाने लालाचं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं की पुढे लोखंडी कढई कुणी चुलीवर चढवत नाही.

साहित्य, अर्धा किलो कोरड्या कापडासाठी

सगळी मापं कोरड्या कापडाच्या वजनावर ठरतात, पाण्यावर नाही. पातळ सुती साडी साधारण अर्धा किलो भरते. मांजरपाट, मलमल, खादी काहीही चालेल. पॉलिस्टर मिसळलेलं कापड चालणार नाही. लागेल ते असं: धुण्याचा सोडा २० ग्रॅम आणि शिवाय ८ ग्रॅम, हिरड्याची पूड १०० ग्रॅम किंवा मायफळाची ४५ ग्रॅम, तुरटी ७५ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटची पूड ६० ग्रॅम, मंजिष्ठ ४०० ग्रॅम. पातेलं २० लिटरचं, स्टीलचं किंवा न टवका उडालेल्या एनॅमलचं. अॅल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो, म्हणून पहिल्या पायरीला तर नकोच. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. पूड चाळताना तोंडाला फडकं बांधावं.

खडू म्हणजे ही कॅल्शियम कार्बोनेटची पूड, शाळेतला खडू समजू नका. तो बहुधा जिप्समचा असतो. त्यातून कॅल्शियम मिळेल, पण तुरटीचं आम्ल मारण्याचं काम होणार नाही. खायचा चुनाही नको. तो इतका तीव्र अल्कधर्मी असतो की रंग जांभळट मळकट होतो.

खळ आणि मेण काढणे

नव्या कापडावर खळ असते आणि कापसाच्या धाग्याला स्वतःचं मेण असतं. ते राहिलं तर तुरटी आत शिरत नाही. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला आणि सकाळी चोळून धुवा. मग १५ लिटर पाण्यात २० ग्रॅम सोडा आणि थोडं रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण घालून दीड तास उकळा. पाणी चहासारखं होईल. अगदी पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातूनही हा चहा निघतो. स्वच्छ धुऊन वाळवा आणि कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर काम झालं. मण्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. चट्ट्याचट्ट्यांनी चढलेल्या रंगाचं मूळ दहातल्या आठ वेळा या पायरीत असतं.

हिरडा की मायफळ

लोकर आणि रेशीम तुरटी सहज धरतात, कापूस धरत नाही. म्हणून कापसाला आधी टॅनिन द्यावं लागतं. ते धाग्यालाही चिकटतं आणि अॅल्युमिनियमलाही धरून ठेवतं. हिरड्याची १०० ग्रॅम पूड १० लिटर कोमट पाण्यात घोळवा, गाळा, कापड घाला आणि दोन तास अधूनमधून हलवत ठेवा. पिळून, न धुता, सावलीत वाळवा. कापड फिकट पिवळं दिसेल. हा पिवळा पुढे लालाखाली राहतो आणि छटा विटकरीकडे ओढतो. ज्याला स्वच्छ लाल हवा त्याने मायफळ वापरावं. त्याचं टॅनिन जवळजवळ बिनरंगी असतं आणि कमी पुरतं. बाळंतिणीच्या औषधांत असतं तेच हे मायफळ. टॅनिन लावलेल्या कापडाला लोखंडी तारेवर वाळत घालू नका. तारेच्या गंजाची काळी रेघ उमटली की ती निघत नाही.

तुरटी

ही पायरी घाईने केली की सगळं फुकट. नुसत्या तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं आणि त्यातलं अॅल्युमिनियम धाग्यावर बसण्याऐवजी पाण्यातच रमतं. म्हणून त्यातलं थोडं आम्ल आधीच मारून घ्यायचं. ७५ ग्रॅम तुरटी एक लिटर कढत पाण्यात विरघळवा. ८ ग्रॅम सोडा वेगळ्या कपभर पाण्यात विरघळवून तो चमच्या-चमच्याने तुरटीच्या पाण्यात घाला. फसफसून वर येईल, म्हणून भांडं मोठं हवं. प्रत्येक चमच्याला पांढरा चोथा दिसेल आणि ढवळल्यावर विरघळेल. चोथा विरघळेनासा झाला की थांबा, मग मापातला सोडा उरला तरी चालेल. पुढे गेलात तर अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड पाण्यातच साकळेल, कापडावर भुकटीसारखं बसेल आणि पहिल्या धुण्यात रंगासकट झडेल. हे ८ ग्रॅम कोरड्या पुडीच्या सोड्याचं माप आहे. काचेसारख्या खड्यांचा सोडा असेल तर त्यात पाणीच अर्ध्याहून जास्त असतं. तो २२ ग्रॅम घ्या.

हे द्रावण १० लिटर कोमट पाण्यात मिसळा आणि कापड आधी साध्या पाण्यात ओलं करून, पिळून, मग आत सोडा. कोरडं कापड टाकलं तर घड्यांच्या आत द्रावण पोचत नाही. पहिली पंधरा मिनिटं हाताने खालीवर करा, मग रात्रभर ठेवा. सकाळी पिळून वाळवा आणि निदान दोन दिवस तसंच राहू द्या. या वाळण्यात अॅल्युमिनियम धाग्याला घट्ट बसतं. दोन दिवसांचा फरक शेवटच्या रंगात स्पष्ट दिसतो.

रंगाच्या आधी सैल राहिलेली तुरटी बसवायची असते. १० लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट ढवळा आणि कापड दहा मिनिटं त्यात सतत हलवा. ही पूड विरघळत नाही, म्हणून थांबलात तर पांढरे डाग बसतात. जुने रंगारी हेच काम शेणाच्या पाण्यात करत, आणि तेही उत्तम होतं, कारण शेणातले फॉस्फेट अॅल्युमिनियमला जागेवर बसवतात. नंतर वाहत्या पाण्यात धुवा. ही पायरी गाळली तर सैल तुरटी रंगाच्या पातेल्यात उतरते, तिथेच लेक तयार होतो आणि महाग मंजिष्ठ तळाच्या गाळात जाते.

रंग चढवणे

मंजिष्ठेची पूड आधी गार पाण्यात पाच मिनिटं घोळवून ते पिवळट-तपकिरी पाणी ओतून द्या. मग मलमलच्या सैल पोटलीत बांधून ४ लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. मुळातलं काही रंगद्रव्य साखरेशी बांधलेलं असतं. भिजवल्याने ते सुटायला वेळ मिळतो. सकाळी पाणी १५ लिटर करा, पोटली आतच राहू द्या आणि १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घाला. हे मुंबई-पुण्याच्या धरणाच्या मऊ पाण्यासाठी. बोअरचं पाणी असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर त्यात कॅल्शियम आधीच आहे, खडू निम्मा करा. मात्र हेच पाणी बादलीत रात्रभर ठेवल्यावर तांबूस साका धरत असेल तर त्यात लोखंड आहे, ते रंगाला वापरूच नका. पावसाचं साठवलेलं पाणी आणि त्यात मोजून खडू, हे सगळ्यात खात्रीचं.

ओलं कापड पाणी गार असतानाच घाला. आच मंद ठेवून तासाभरात ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर न्या. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागतात, वाफ निघते, पण पाणी हलत नाही. तिथे एक तास टिकवा. पहिल्या अर्ध्या तासात कापड नारिंगी दिसेल. घाबरून काही घालू नका. पाऊण तासानंतर नारिंगीच्या आतून लाल वर येऊ लागतो. दर पाच मिनिटांनी लाकडी काठीने कापड उलटंपालटं करा, घडी फुगून पाण्यावर आली की लगेच दाबा. वर राहिलेला भाग पुढे फिकट पट्टा म्हणून दिसतो.

आच वाढवण्याबद्दल मतभेद आहेत. युरोपियन मॅडर ७५ अंशांपुढे नेला की तपकिरी घटक उतरतात आणि लाल मरतो, हे खरं. मंजिष्ठ त्या मानाने सोशिक आहे. शेवटची वीस मिनिटं ८५ अंशांपर्यंत नेली तर रंग खोल होतो. खळखळून उकळी मात्र नको. गॅस बंद करून कापड त्याच पाण्यात गार होऊ द्या.

बाहेर काढून धुवा, सावलीत वाळवा, एक दिवस जाऊ द्या. मग शेवटचं काम, जे बहुतेक जण टाळतात: १० लिटर पाण्यात २० ग्रॅम सौम्य, सोडा नसलेला साबण घालून कापड पाच-सात मिनिटं उकळा. पाणी तपकिरी होईल आणि रंग गेला असं वाटेल. जातो तो न धरलेला मळकट भाग. खालचा लाल उजळतो. मॅडरच्या जुन्या पक्क्या लालाच्या, म्हणजे तुर्की लालाच्या कारखान्यांतही कापड असंच साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढत. त्या पद्धतीत तुरटीच्या आधी तेल मुरवत. आपल्याकडे आंध्रातल्या चिराला आणि तेलंगणातल्या पुट्टपाकाच्या तेलिया रुमालांत एरंडेल आणि राखेचं पाणी हेच करतं. तेलाच्या वाटेने येणारा लाल या हिरड्याच्या लालापेक्षा सरस असतो, पण तिला आठवडे लागतात आणि घरभर वास सुटतो.

बिघडलं तर

कापड नारिंगीच राहिलं तर पातेलं आम्लधर्मी होतं. तुरटी नीट धुतली गेली नाही किंवा खडू पडला नाही. त्याच कापडाला खडूच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं फिरवा, बऱ्याचदा डोळ्यांसमोर लाल होतं. जांभळट आणि फिकट आलं, पण पातेल्यातलं पाणी मात्र गडद वाईनसारखं राहिलं, तर उलट झालं: सोडा किंवा चुना जास्त. अल्कमध्ये रंगद्रव्य विरघळून पाण्यातच राहणं पसंत करतं. थोडं व्हिनेगर घालून पाणी उदासीन करा, पीएच ७ च्या आसपास आणा आणि पुन्हा तापवा. कापड चॉकलेटी झालं तर लोखंड आलं; त्याला उपाय नाही. उलट एक-दीड टक्का हिराकस देऊन मुद्दाम गडद कॉफी किंवा जांभळट करून घ्या. त्यापुढे हिराकस वाढवू नका, कापूस वर्षा-दोन वर्षांत चिरू लागतो. कोरडं कापड हाताला रंग लावत असेल तर लेक धाग्याच्या बाहेर बसला आहे, म्हणजे सोडा जास्त पडला किंवा साबणाची उकळी चुकवली.

रंग एकसारखा पण फिका असेल तर मंजिष्ठ वाढवण्याआधी तुरटी पाहा. अॅल्युमिनियमच्या जागा भरल्यावर दुप्पट मंजिष्ठ टाकूनही उपयोग नसतो. कापड पुन्हा तुरटीतून काढून दुसऱ्यांदा रंगवणं जास्त फायद्याचं.

तयार अॅलिझरिन घ्यायचं असेल तर

ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनज्ञांनी १८६८ मध्ये अॅलिझरिनचं नातं डांबरातल्या अँथ्रासीनशी जोडून दाखवलं. पुढच्या वर्षी कारो या तिसऱ्या रसायनज्ञासह त्यांनी पेटंटचा अर्ज केला आणि इंग्लंडच्या पर्किनचा अर्ज एका दिवसाने मागे राहिला. त्यानंतर मॅडरची शेती पाहता पाहता बसली. आज कच्छच्या अजरखपूरमध्येही लाल ठशांसाठी बरेच छापकार हेच कारखान्यातलं अॅलिझरिन वापरतात. सोबत धायटीची फुलं घालतात म्हणजे कापडाची न छापलेली जागा फारसा रंग पीत नाही. रेणू मुळातलाच, फक्त परप्युरिनची साथ नसल्याने लाल जरा थंड, निळसर छटेचा.

अर्धा किलो कापडाला शुद्ध पूड ५ ते ८ ग्रॅम पुरते. ती गार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अगदी थोड्या सोड्याच्या पाण्यात लगदा करून जांभळं द्रावण बनवा, पातेल्यात मिसळा आणि व्हिनेगरने पीएच ७ वर आणा. बाकी खडू, आच, वेळ सारं वरच्यासारखं. दुकानात मागताना एक काळजी घ्या. प्रयोगशाळेच्या मालात 'अॅलिझरिन रेड एस' नावाची बाटली सहज मिळते. ते सल्फोनेट आहे, पाण्यात झटकन विरघळतं, आणि म्हणूनच सुती कापडावरून तितक्याच झटकन जातं. लोकरीला चालेल. एरवी ती पाण्यातलं फ्लोराइड तपासायला वापरतात: झिर्कोनियमबरोबर तिचा लाल होतो, आणि फ्लोराइडने झिर्कोनियम ओढून नेलं की तो पिवळा पडतो. इथेही चिमटा आणि धातूच, फक्त सोडवणारा कुणी आला.

पहिलं कापड काढल्यावर मंजिष्ठेचं पाणी फेकू नका. त्यात तुरटी दिलेलं दुसरं अर्धा किलो कापड घातलं तर कोरल येतो, तिसरं पीच. पोटली वाळवून पुन्हा कुटली तर आणखी एकदा फिकट रंग देते. पाणी ठेवायचं तर दोन दिवसच, आपल्या उन्हाळ्यात त्याला लगेच बुरशी धरते. उरलेलं तुरटीचं पाणी कुंड्यांना घालू नका, ते आम्लधर्मी असतं. त्यात वापरलेला खडू टाकून फसफसणं थांबेपर्यंत ढवळा, मग मोरीत सोडा.